एक तास अठरा मिनिटं

गुरुवारी अर्धा दिवस.
बाबा दुपारी दोनला यायचे, बुटांत सिमेंटची धूळ,
आणि आंघोळीआधी विचारायचे, "नंबर काय होता गं?"
म्हणजे मागच्या वेळच्या तबकडीचा,
जो पाकिटावर हिरव्या मार्करनं असायचा
आणि माझ्या तळहातावर निळ्या पेनानं.

शशांकनचं दुकान रुवीत, शिंप्याच्या डोक्यावर.
जिन्यात इस्त्रीची वाफ.
पाच रियाल अनामत, तबकडीमागे दोनशे बैसा,
शुक्रवार ओलांडला की शंभर वर.
रजिस्टरात आमचं आडनाव त्यानं ऐकलं तसं लिहिलेलं,
घोसाळकरचं गोशालकर,
आम्ही कधी सुधारलं नाही.
या देशात आमचं कायमचं असं खातं
तेवढं एकच होतं.

हिंदीची एक भिंत, मल्याळमच्या दोन, तमिळ दाराशी,
आणि मराठीचा बुटांचा एक खोका, काउंटरखाली.
त्यात अकरा सिनेमे.
आई दर वेळी अकराही उलटून बघायची,
मेथीची जुडी उलटावी तशी,
जणू आज तळाशी बारावा निघेल.

रात्री गाद्या हॉलमध्ये.
खिडकीतला एसी चालू असला की संवाद ऐकू येत नसत
आणि बंद केला की सिनेमाच नको व्हायचा,
म्हणून गाण्यांत एसी, बोलण्यात घाम.
समोरच्या मर्सी आंटी स्वतःची खुर्ची घेऊन यायच्या,
परोट्यात चिप्स चुरून गुंडाळी हातात द्यायच्या.
त्यांना मराठी येत नव्हतं, खालची अक्षरं अरबी,
तरी आमच्याआधी रडायच्या त्याच.

काही लाजिरवाणं आलं की बाबा रिमोट दाबत.
चित्र उडी मारून थेट पुढच्या प्रकरणात पडे,
तिथे नायिकेचं बाळ रांगत असे.
निरंजन विचारी, "हे कुठून आलं?"
आई म्हणे, "पोळी गार होतेय."

त्या खोक्यातला सातवा सिनेमा
एक तास अठरा मिनिटांवर अडकायचा.
नवरा परमुलखाला निघालाय, बायको उंबऱ्यात,
ती तोंड उघडते
आणि तोंड उघडंच राहतं,
चेहऱ्याचे चौकोन चौकोन.
बाबांनी तबकडी बनियनला पुसली, टूथपेस्ट लावली,
एकदा तर फ्रीजमध्ये ठेवली, काकड्यांशेजारी.
छे. पुढे एकदम तीन वर्षांनंतरची दिवाळी.

मग मधलं बाबाच सांगायचे.
आठवडाभर ज्यांच्या तोंडून
"मीठ दे" आणि "दिवा घालव" एवढंच निघे,
ते टीव्हीसमोर उभे राहून त्या बायकोचं बोलायचे.
एकदा ती म्हणाली, जा, पण पत्र घालत जा.
एकदा म्हणाली, थांबा, इथंच एखादी गिरण टाकू.
एकदा काहीच म्हणाली नाही,
नुसता त्याचा डबा भरत राहिली,
आणि आई उठून आत गेली, नळ सोडला,
बराच वेळ सोडला,
टँकर शनिवारी यायचा होता तरी.

शशांकन म्हणाला, "ती खराब आहे, दुसरी न्या."
बाबा म्हणाले, "आम्हाला तीच लागते."

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
आईबाबा यंदा माझ्याकडे आलेत, अल खुवैरला,
बावीस वर्षं राबले त्या देशात
तीस दिवसांचे पाहुणे.
काल तो सिनेमा फोनवर सापडला,
अख्खा, धुतल्यासारखा स्वच्छ.
एक तास सतरावर मी बोट ठेवलं,
आईला म्हटलं, बघायचं, ती काय म्हणते?

आईनं चष्मा काढून पदराला पुसला.
आतल्या खोलीत बाबांचं घोरणं.
म्हणाली,
"आधी त्यांना उठव."