सोपी वाट

पत्रकात लिहिलंय : सोपी. सव्वातीन मैल. चढ नाही.
अर्वेन नदीच्या कडेने, मग रानातून, मग पुन्हा नदी.
कुत्रा चालेल. बूट मात्र पाणी न शिरणारे हवेत.
इदवालनं हे लिहिलं त्याला सत्तावीस वर्षं झाली.
'सोपी' ह्या शब्दाखाली त्यानं एक रेघही मारली होती.
तेव्हा त्याचे गुडघे त्याच्याच बाजूने बोलायचे.

आज बुधवार. चर्चच्या फाटकापाशी आम्ही सातजण.
डेलिथ पुढे. तिनं जन्मभर ह्या खोऱ्यात टपाल वाटलं,
कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला चावतो
हे तिला अजून पाठ आहे.
मोरविद आणि नेस्ट ह्या बहिणी, थर्मास एक, मतं दोन.
सगळ्यात मागे हेविन, त्याचा खुबा नवा,
दर वळणावर तो न विचारताच सांगतो : काही नाही, काही नाही.
इदवाल शहाऐंशीचा. तो मध्ये चालतो,
म्हणजे कुणी त्याला सांभाळतंय असं दिसत नाही.

रानात शिरलं की रानलसणाचा वास.
जमिनीनं कुठेतरी खाली फोडणी टाकलीय
आणि झाकण ठेवायला विसरलीय.
ओकची पानं अजून इतकी कोवळी
की ऊन त्यांच्यातून आरपार येतं, हिरवं होऊन,
आणि नेस्टचा पांढरा कोटसुद्धा
थोडा वेळ कच्च्या कैरीसारखा दिसतो.
मोरविद म्हणते, तुला हा रंग शोभत नाही.

पूर्वी वाटेत कुंपण ओलांडायच्या अकरा पायऱ्या होत्या.
हेविन मोजतो. आता तीन उरल्या.
बाकीच्या ठिकाणी फाटकं आली,
एकेका खुब्याबरोबर एकेक.

आणि मग, आल्डरच्या झाडांपलीकडे,
वाट नाही.

हिवाळ्यात काठ ढासळला असणार.
वाट होती तिथे पाणी आहे, तपकिरी, कामात गढलेलं.
वाटेच्या खुणेचा खांब मात्र उभाच आहे,
नदीच्या मधोमध, जरासा कललेला,
आणि त्याचा पिवळा बाण
अजून इमानेइतबारे सांगतोय : इकडून या.
त्याच्या टोकावर एक पाणबुडं पाखरू,
पांढऱ्या छातीचं, उठाबशा काढत.

हेविन पहिल्यांदाच 'काही नाही' म्हणाला नाही.

डावीकडे शेत. तारेचं कुंपण, पलीकडे कोकरं.
अंगराडचं शेत.
इदवालनं त्याच शेतातून वहिवाट मागितली होती,
अंगराडच्या सासऱ्यावर दावा लावून.
चार वर्षं चाललं. इदवाल हरला,
म्हणून वाट नदीच्या कडेने गेली,
म्हणून पत्रक, म्हणून ती रेघ.
पुढे दोन्ही घरं एकाच चर्चमध्ये
वेगवेगळ्या बाकांवर म्हातारी झाली.

आता नदीनं तिची वहिवाट घेतली.
दावा नाही, वकील नाही.

अंगराड गोठ्याकडून आली. हातात दुधाची बाटली,
मागे एक लंगडं कोकरू.
तिनं आम्हा सातजणांकडे पाहिलं,
खांबाकडे पाहिलं,
आणि इदवालकडे बघायचं टाळून आडणा काढला.
एवढंच म्हणाली :
"फाटक लावून घ्या."

आम्ही गेलो. ओल्या गवतातून, कडेकडेने,
कुणाच्या तरी घरात बूट घालून शिरल्यासारखे.
दोनशे पावलं असतील.
बहिणीसुद्धा बोलल्या नाहीत.
शेवटचा इदवाल. त्यानं फाटक लावलं,
आडणा सरकवला, हलवून पाहिला,
चार पावलं पुढे आला,
आणि परत जाऊन पुन्हा हलवून पाहिला.

चहाच्या दुकानात डेलिथनं त्याच्यापुढे पेन ठेवलं.
तो बराच वेळ पत्रकाकडे बघत बसला.
सातजणांचे ओले मोजे हीटरवर वाफाळत होते,
दुकानाच्या मालकिणीला ते आवडलेलं नव्हतं.
मग त्यानं 'सोपी' खोडलं नाही.
फक्त खालची रेघ खोडली,
जी खोडायला दुसरी रेघच मारावी लागते,
त्यामुळे आता तो शब्द आधीपेक्षा ठळक दिसतो.

मोरविद म्हणाली, हे चुकलं.
नेस्ट म्हणाली, राहू दे गं,
पुढच्या बुधवारी कोकरासाठी काहीतरी नेऊ.