लटकून राहा

रास्ता पेठेत झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली.
तीन कॉट, एक लॅपटॉप,
त्याचं एक बटण निघालेलं, तिथं नुसता रबराचा ठिपका.
रात्रपाळी नसली की
मी, निलोफर आणि संघमित्रा
एकाच सोलापुरी चादरीत पाय खुपसून बसायचो
आणि ते घर सुरू व्हायचं :
दोन भाऊ, एक घटस्फोटित आत्या, एक पोपट.

शब्दांच्या आधी हशा शिकलो.
ते न दिसणारे लोक हसले की आपण हसायचं.
मग पॉज. मग दहा सेकंद मागे.
मग टेम्परेचरच्या जुन्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला
संघमित्रा लिहायची :
ऑकवर्ड – पंगतीत बसल्यावर कळतं, आपल्याला बोलावलंच नव्हतं.
व्हॉटेव्हर – माझ्या वहिनीचा चेहरा.
आय ॲम फाइन – उलटं धरून वाचणे.

प्रश्न मात्र आम्हाला भलतेच पडायचे.
ही माणसं कामावर जातात कधी?
एवढ्या हॉलचं डिपॉझिट किती असेल?
आणि त्यांच्या फ्रीजमधल्या दुधावर
कुणाचंच नाव कसं लिहिलेलं नसतं?

'हँग इन देअर'पाशी तिघी अडलो.
आत्या म्हणते ते, धाकट्याची नोकरी जाते तेव्हा.
निलोफर म्हणाली, सोप्पंय :
लटकून राहा तिथंच.

बेड अकरा. तावरे काका. चौथी केमो.
शीर सापडेना.
तिसऱ्यांदा टोचताना माझ्या तोंडून गेलं,
'काका, लटकून राहा.'
त्यांनी स्टँडवरच्या बाटलीकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
'मी का ती?'

वॉर्डात कुणी हसलं नाही.
मागून कुठलाच आवाज आला नाही.
सिस्टरांचा पेन तेवढा थांबला.
मग काकाच हसायला लागले, एकटेच,
ठसका लागेपर्यंत,
आणि त्या हिसक्यात कुठंतरी
सुई बरोबर बसली.

संघमित्रा आता आयर्लंडात असते.
तिकडं म्हणे कुणीच तसं बोलत नाही,
सगळे तोंडातल्या तोंडात,
आणि हवेबद्दलच जास्त.
तक्ते माझ्याकडं राहिले. बेड अकराला दुसरं कुणी आलं.

अपरात्री तिचा मेसेज येतो :
लटकून आहेस ना?
मी लिहिते : आय ॲम फाइन.
दोन निळ्या खुणा.
मग लगेच फोन वाजतो.