उणे सात

कारखान्यात माझं काम ऐकण्याचं.
टाम्पेरेच्या बाहेर, जिथे पूर्वी रबरी बूट बनत,
तिथे आता तबकड्या छापतात.
पहिल्या पाच प्रती माझ्याकडे येतात, अजून कोमट,
काठाचं काळं प्लास्टिक नुकतं कातरलेलं.
मी खरखर शोधते. टिचकी, उडी, फुगवटा.
वीस वर्षांत एकही गाणं ऐकलेलं नाही,
फक्त त्यांच्यातले दोष.

त्या सोमवारी बाहेर उणे बावीस
आणि टेबलावर साल्पाची नवी तबकडी.
साल्पा म्हणजे कडी, दाराची.
तबकडीचं नाव उणे सात. वाटलं, तापमान असेल.
तुकड्यांना नावं नाहीत, नुसते आकडे,
तेही उलटे: नऊ, सहा, चार.
मागच्या वेळी हे चौघे फंक वाजवायचे
जिन्याच्या पायऱ्या दोन दोन गाळत उतरावं तसं.
बासचे तेव्हा दहा सूर होते,
मोजले होते मी, हाताला काम नव्हतं म्हणून.

या वेळी तीन.
पहिला येतो, बसतो.
दुसरा दारातच उभा.
तिसरा आता येईल असं वाटतं, आणि ओउती
झांजेवर काठीचं टोक ठेवते.
ठेवते. मारत नाही.
वेइयोच्या क्लॅरिनेटमधून नुसता श्वास, किल्ल्यांची टकटक.
सायमी विजेच्या पियानोवर एकच स्वरगुच्छ धरून
सहा मिनिटं, शेजारीण
बोलणं संपल्यावरही कप धरून बसते तशी.
सात मात्रा, मग सात, मग परत सात.
सम कुठे ते कुणी सांगत नाही,
तरी मान तिथेच झुकते.
माझीही झुकली. सरळ केली.
पगार त्याचा नाही.

दुसरी बाजू, चार मिनिटं बारा सेकंद:
टुक.
लाल पेन. दुसरी प्रत, टुक. तिसरी. पाचही.
म्हणजे छपाईचा दोष नाही, मुळातलाच.

फोन बासवाल्या तौनोने उचलला.
शब्द घसरत होते, ओल्या बर्फावर टाच घसरते तसे.
म्हणाला, ते माझं बोट.
ऑगस्टपासून डावी करंगळी
आणि तिच्या शेजारचं ते बिननावाचं
माझं ऐकत नाहीत. तारेवर पडतात.
मी म्हटलं, पुसता येईल. एका दुपारचं काम.
तो गप्प. मागे कुणीतरी भांडी विसळत होतं.
मग म्हणाला,
माझ्याकडे तीन सूर उरले तेव्हा
बाकीच्यांनी आपापले काढून ठेवले, कुणी न सांगता.
ओउतीने दोन झांजा माळ्यावर टाकल्या.
आता ते टुक काढलंत, तर
एवढी जागा कुणासाठी केली
ते कळणार नाही.

हेडफोन काढले. भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरवर लावली,
जे नियमात बसत नाही.
पॅकिंगमधला अब्दिरशीद ट्रॉली घेऊन आला,
थबकला. अडकलंय का हे?
नाही.
तो गेला नाही. खोक्यावर टेकला,
बुटाची टाच हलायला लागली, त्याच्या नकळत,
कधी समेवर, कधी तिच्या जरा आधी.
चार मिनिटं बारा सेकंदांना त्याने वर पाहिलं.
कोण आहे तिथे?
मी म्हटलं, आहे एक जण.

फॉर्मवर रकाना: दोष.
लिहिलं, एक.
पुढचा रकाना: काय करावे.
तो साडेतीनपर्यंत कोरा होता.
लाल पेन ठेवलं, निळं शोधलं, लिहिलं: राहू द्यावा.
सही केली तेव्हा बाहेर काळोख पडून तासभर झाला होता.

घराच्या दाराशी हातमोजा काढला,
करंगळी आणि ते बिननावाचं बोट तळहाताशी मिटून
उरलेल्या तिघांनी किल्ली फिरवून पाहिली.
फिरली. वेळ लागला.
आतून नवरा ओरडला, कोण खुडबुडतंय?