दोनशे सत्तर हात

किलागेटपाशी स्कूटी पानवाल्याच्या भरवशावर सोडली.
त्रेसष्ट वर्षं या किल्ल्याखाली काढली मी,
दाल बाजारातून पाहिला, कचेरीच्या गच्चीवरून पाहिला,
पाहुण्यांना दाखवला, खालूनच, बोट करून.
चतुर्भुज देवळाच्या जाळीपाशी मात्र
आज पहिल्यांदा उभी आहे,
आणि त्याला कारण समुद्रापलीकडचा
एवुसेबियो नावाचा एक म्हातारा.

गेल्या माघात मी उश्मालला होते,
सहल कंपनीची पिवळी टोपी घालून.
पिरॅमिडच्या पायऱ्यांना दोरी लावलेली.
फटीफटींतून हात-हातभर सरडे
हेडक्लार्कसारखे ऊन खात पडलेले.
भिंतभर पर्जन्यदेवाची नाकं,
सोंडेसारखी वळलेली, बरीचशी तुटकी.
मंडळी फोटो काढत होती. माझे गुडघे सावली शोधत होते.

सावलीत म्हातारा घेवड्याचे दाणे मांडून बसला होता.
हून, का, ओश, कान,
आणि पाचव्याला दाणे उचलून त्यांच्या जागी एक काडी.
'हो,' म्हणाला.
मला वाटलं, काहीतरी कबूल करतोय, तेही मराठीत.
मग काडीखाली रिकामा शिंपला ठेवला.
झाले शंभर.
विसाविसांनी मोजतात ते, आपल्याकडे कोडीने मोजत तसं,
आणि जिथे काहीच नाही तिथे शिंपला.

'शून्य आमचं,' आमच्यातले नातू म्हणाले,
तेवढ्यासाठी टोपी काढून.
दुभाषी मुलगी म्हणाली,
तुमच्याकडे एक किल्ला आहे ना, तिथे ते दगडात कोरलंय,
ग्वाल्हेरला. तिकडचं कुणी आहे का?
सतरा पिवळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या.
पाहिलंय तुम्ही?
मी म्हटलं, 'हो.'
म्हातारा खुदकन हसला
आणि माझ्यापुढे एक काडी ठेवली.

ती खोटी काडी पर्समध्ये घालून मी घरी आले.
विमानतळावर कुणी अडवलं नाही.

रामसेवक कुशवाह कुलूप काढतो.
'अंग्रेज आते हैं, जापानी आते हैं,
लेट के फोटो लेते हैं.
लश्करवाले नहीं आते.'
मी काय बोलणार, चप्पल काढते.

अखंड दगडातलं एवढंसं देऊळ.
विजेरी तो तिरकी धरतो, म्हणजे अक्षरांना सावली येते.
दोन.
सात.
आणि मग शेजाऱ्यांहून लहान,
वाटाण्याएवढं, गोल.
त्याच्या अंगावर शोध लागल्याची काही खूण नाही.
बागेचा हिशेब आहे नुसता:
लांबी दोनशे सत्तर हात, रुंदी एकशे सत्याऐंशी,
देवाला रोज पन्नास हार.

चौतीस वर्षं महालेखाकारांच्या कचेरीत
आक्षेप काढण्यात गेली. खोड जात नाही.
बाग कुठे आहे?
हार रोजचे पन्नास, अकराशे पन्नास वर्षं,
लीप वर्षं माफ:
दोन कोटी नऊ लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे.
कधी बंद झाले त्याची नोंद सापडत नाही,
सबब सगळेच बाकी धरले.

तिथल्या भिंतीवरही असेल कुणाचं देणं,
मका इतका, पाऊस इतका.
ते मला वाचता आलं नाही.
हेही कुठे येतंय, रामसेवकच्या बोटामागून जातेय.

'दिखा, अम्मा?'
'हो,' मी म्हणून गेले, मराठीतच.
त्याला कळलं की नाही कोण जाणे.
विजेरी विझवून त्याने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

खाली उतरल्यावर पानवाल्याशेजारी एक बाई
झेंडूचे हार विकत होती. वीस रुपये.
एक घेतला.
पुन्हा चढायला गुडघे तयार नाहीत,
म्हणून तो स्कूटीच्या हँडलला अडकवला
आणि घरी येईपर्यंत मनात खोडत, लिहीत राहिले:
जमा एक, हातपोच बाकी.
शिल्लक दोन कोटी नऊ लाख
सत्त्याऐंशी हजार
पाचशे.