सहावा वॉशर

वाडीत, आमच्या अंगणात
ट्रकची केबिन पुढं वाकवलेली.
रात्रीचे अकरा, तरी पत्रा हात भाजतो.
कूलरची वायर बल्बला लावली
म्हणून आई आतून पुटपुटते.

बाबा नोझल उपसतात,
मी जुन्या चादरीवर नंबरानं मांडते.
चौथं रुसलं होतं,
डिझेल पाजून पाजून सुटलं.
भोकांवर लगेच चिंध्या;
धूळ आत गेली
तर पुढच्या दोन खेपा गेल्या.

नोझल सहा निघाले.
तांब्याचे वॉशर पाच.
"झिजून गेला असन," बाबा म्हणाले,
नवा चिमटीत धरून.
"वॉशर झिजून जात नाही, बाबा. मोजा."
त्यांनी मोजले.
मग चष्मा लावून पुन्हा.

माझ्या सायकलचा स्पोक काढला,
टोकाला आकडा केला,
तिसऱ्या भोकात सोडला.
खरवड. काजळी. काहीच नाही.
खरवड.
मग टिक्
आणि वर आला तो,
काळा, जळून कागद झालेला.

पहाटे लाइनीतली हवा काढली.
चावी.
धूर पांढरा, मग विरळ,
मग नुसता आवाज.
शेजारचे गजभिये उठले,
शिव्या दिल्या, झोपले.

बाबांनी वहीत खर्च लिहिला:
नोझल सहा, वॉशर सहा.
खाली, बारीक अक्षरात:
स्पोक एक, वैजूला देणे.