कोर्ट नंबर तीन, शिमकेंत

एकेरीचा सामना संपला तशी माणसं उठली.
उरली अकरा. त्यात माझी आई,
मांडीवर बाउरसाकचा डबा, झाकण घट्ट.
लांब तियानशानवर बर्फ, इथे दातांत लाल माती.

रमीरोला मी सोमवारपासून ओळखतो.
नावं द्यायला पंधरा मिनिटं उरलेली,
त्याचा जोडीदार पोट बिघडून परत गेलेला,
माझा तर आलाच नव्हता.
त्याला रशियन येत नाही, मला स्पॅनिश.
राहिली इंग्रजी, तीही दोघांत मिळून एकाची.
म्हणून बोटं.
जाळ्याशी वाकून पाठीमागे मूठ: जागेवर राहतो.
उघडा पंजा: मी ओलांडतो, तू सरक.

चॅलेंजरातली दुहेरी म्हणजे
हरलात की उद्या दुपारी खोली रिकामी करा.
चाळीस-चाळीसला ड्यूस नाही, लांबण नाही,
एक गुण, आणि गेम कुणाचा तरी.
मला आवडतं ते. घासाघीस नाही.

पहिला सेट आमचा. दुसरा त्यांचा.
दहाच्या टायब्रेकमध्ये आठ-आठ.
रमीरो जवळ आला, तोंडापुढे चेंडू धरला.
वाटलं, सर्व्हिस कुठे टाकायची ते सांगेल.
म्हणाला, "तिकीट आज रात्रीचं आहे.
स्वस्त मिळालं. पैसे परत नाहीत."

सोमवारीच काढलं होतं त्याने,
आम्ही कधी हरणार ते धरून.

तो जाळ्याशी गेला. हात पाठीमागे.
मूठ.
उघडली. परत मूठ.
असा इशारा आमच्यात ठरलाच नव्हता.
मी आपली मधोमध मारली, आणि ती
लागली कुणाच्या तरी रॅकेटच्या कडेला.
नऊ-आठ.
मग समोरच्या उंच पोराची दुसरी सर्व्हिस
जाळ्यात गेली. संपलं.
अकरातल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या.

बाकावर बसून त्याने फोनवर हिशेब केला:
अंतिम फेरीचे वाढीव पैसे, भागिले दोन,
वजा कर, वजा नवीन तिकीट.
"जिंकून सव्वीस डॉलर गेले," म्हणाला,
आणि इतका हसला की ठसका लागला.

मागे अब्बा पाइप घेऊन उभे, आम्ही उठायची वाट बघत.
कोर्ट भिजवायचं होतं.

आईने डबा उघडला. एक त्याला, एक त्याला,
आणखी एक त्यालाच.
"विचार ना, भावंडं किती याला?"
मी कसंबसं विचारलं.
तोंड भरलेलं, त्याने हात वर केला,
उघडा पंजा,

आणि मी बाकावरच डावीकडे सरकलो.