आकांताचं पान

पहिलं वर्ष नुसतं धार लावण्यात गेलं.
तेलाचा दगड, त्यावर फिरणारी गोलची,
आणि आतल्या खोलीतनं तातोबा मेस्त्री
आवाजावरनंच सांगायचे, "टाच उचललीस."

हत्यारं परदेशी. मुठी इथल्या, बाभळीच्या.
पात्यावर शेफील्डचा शिक्का, झिजून अर्धा.
मेस्त्रींच्या वस्तादाला ती दरबारातल्या कुणा गोऱ्या कारागिरानं
जाताना दिली, का जाताना त्याची राहिली,
यावर गंगावेशीत दोन मतं होती.

दुसऱ्या वर्षी खिळ्यावरनं प्लास्टरचं पान खाली उतरलं.
कडेला फाटे, फाट्याफाट्याला बोटं,
आणि शेंडा असा मागे वळलेला
की दारातनं जाता जाता कुणीतरी हाक मारली.
ॲकँथस त्याचं नाव.
मेस्त्री म्हणायचे आकांत.
"आज आकांत घे. देठाकडनं."

घेतला. सागात घेतला, शिसवीत घेतला.
रेषेच्या उलट गेलं की लाकूड कचकन उडायचं,
मेस्त्री न बोलता तुकडा शेगडीत सारायचे
आणि त्यावर चहा व्हायचा.
माझ्या आकांतावर किती चहा झाला, मोजला नाही.

"हे झाड असतंय कुठं?"
"पुस्तकात."

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता.
आत द्राक्षं, ढाली, पंखांची गुबगुबीत पोरं.
मेस्त्री कोरायचे तेव्हा पोरांच्या गालावर तीट असायची.
नजर काय फक्त आपल्याच पोरांना लागती?
सिंह त्यांनी पाहिला नव्हता,
म्हणून नाक दूधकट्ट्यावरच्या म्हशीचं.
शाहूपुरीत एका आरशावर तो सिंह अजून बसलाय.
नाक ओलं दिसतं.

मेस्त्री गेले त्या साली
मालवणकडं पालखी पोचवायला गेलो.
खाडीच्या कडेला, चिखलात,
ते उभं होतं.
तेच नव्हे, चुलत म्हणावं असं.
फाटे तसेच. पण फाट्याच्या टोकाला काटा.
होडीवाला म्हणाला, "मारांडी. हात नका लावू."
लावला.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात.
मी तो शेंड्याच्या वळणात शोधत होतो,
देठाच्या खोलीत, मेस्त्रींच्या मनगटात.
राखला नव्हता त्यांनी काही.
त्यांच्यापर्यंत तो आलाच नव्हता.
दगडातनं प्लास्टरात, प्लास्टरातनं सागात,
इतक्या हातांनी गोंजारून
पान गुळगुळीत झालं होतं.

आता मी वळणाखाली, कुणाला दिसणार नाही असा,
एकच काटा सोडतो.

परवा राजारामपुरीतल्या एक बाई
खुर्ची पुसताना बोटाला लागलं म्हणून भांडायला आल्या.
बोट दाखवलं. थेंबभर रक्त, वाळलेलं.
बसा म्हटलं.
आणि ढलप्या गोळा करून शेगडी पेटवली.